घरघंटीचे पीठ आणि घरचा पाव: पाव जड का होतो, आणि तो हलका कसा करावा

उदगीरच्या एका भगिनींचा प्रश्न आहे. त्यांनी अलीकडे घरघंटी घेतली, घरच्या शेतातला बन्सी गहू दळला आणि त्या पिठाचा पाव केला. कृती एका व्हिडिओत पाहिलेली होती व ती त्यांनी तंतोतंत पाळली, तरीही पाव फुगला नाही, कापताना त्याचा भुगा झाला आणि मे महिन्यात केलेला पाव तर आंबूस लागला. गहू बदलावा की यंत्र, गिरणीतले पीठ अधिक बरे का, आणि आपल्याकडे मुबलक असलेली ज्वारी पावात घालता येईल का, असे त्यांनी पुढे विचारले आहे. घरी दळून घरीच पाव भाजण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आहे आणि मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात व हिवाळ्यात ते कसे बदलते हे रोज पाहतो. म्हणून थोडे विस्ताराने उत्तर देतो.

आधी थोडक्यात सांगायचे तर, आपल्या हाताचा यात काहीही दोष नाही. ती कृती मैद्यासाठी लिहिलेली होती आणि ती आपण सबंध गव्हाच्या, नुकत्याच दळलेल्या, कदाचित अजून गरम असलेल्या पिठाला लावली. गहू पावाच्या जातीचा नव्हता, पाणी कमी पडले आणि पीठ व हवा दोन्ही तापलेली होती. यांपैकी गहू आणि उष्णता ही दोन कारणे परातीत पीठ घेण्याच्या आधीची आहेत. पाव भट्टीत भाजला जातो खरा, पण त्याचे बरेचसे भवितव्य दळणाच्या वेळीच ठरते, आणि म्हणून मी गव्हापासूनच सुरुवात करतो.

पाव फुगतो तो ग्लुटेनमुळे. गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने असतात. पाणी मिळाले की ती एकमेकांत गुंततात आणि त्यांचे लवचीक जाळे तयार होते. यीस्टने सोडलेला वायू या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. ग्लायडिन ताणले जाण्याचा गुण देते, तर ग्लुटेनिन ताणल्यावर मागे येण्याचा. पावाला हे दोन्ही गुण हवेत. आपला बन्सी हा ड्युरम जातीचा गहू आहे. त्याचा दाणा कडक, काचेसारखा चमकदार आणि पिवळसर असतो. प्रथिनेही त्यात चांगली असतात, परंतु त्याचे ग्लुटेन आखूड असते, म्हणजे ते थोडे ताणले की तुटते. रवा, शेवया आणि कुरडया यांसाठी बन्सीसारखा गहू नाही, पण नुसत्या बन्सीचा पाव बसकाच होतो. खपली गव्हाचे ग्लुटेन त्याहूनही दुबळे असते, त्यामुळे खपलीच्या पिठाला वायू धरून ठेवता येत नाही.

पावासाठी आपल्याकडे ज्याला सरसकट सरबती म्हणतात तो गहू घ्यावा. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेल्या वाणांपैकी त्र्यंबक, तपोवन आणि नेत्रावती हे सरबती प्रकारचे आहेत, तर गोदावरी हा बन्सी आहे. आपल्या शेतात यांपैकी कोणता वाण पेरला होता हे घरच्या मंडळींना विचारल्यास अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. बाजारात सहज मिळणारा लोकवन, म्हणजे गुजरातमधील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत निघालेला लोक-1 हा वाण, पावाला चालतो. मध्य प्रदेशातील सिहोरकडून येणारा सरबती पोळीला फार सुरेख, पण त्याची पावासाठीची ताकद पोत्यापोत्याला वेगळी आढळते. घरचा बन्सी टाकून द्यावा असे मी मुळीच म्हणणार नाही. तीन भाग सरबती आणि एक भाग बन्सी असे मिश्रण केले तर पावाला सुंदर पिवळसर रंग आणि गोडसर चव येते, आणि उंचीही फारशी कमी होत नाही.

गव्हाच्या नावावर विसंबण्यापेक्षा घरी एक साधी परीक्षा करावी. 25 ग्रॅम पीठ आणि साधारण 15 मिलिलिटर पाणी घेऊन घट्ट गोळा मळावा व अर्धा तास पाण्याखाली बुडवून ठेवावा. मग वाडगाभर पाण्यात तो हलक्या हाताने चोळून धुवावा आणि पाणी दोन-चारदा बदलावे. स्टार्च पांढऱ्या पाण्यातून निघून जातो, कोंडाही बराच सुटतो आणि हातात राखाडी, चिवट, रबरासारखा गोळा उरतो. तो पिळून तोलावा. 7 ते 8 ग्रॅम भरला तर गहू पावाला चांगला. 6 ग्रॅमपेक्षा कमी भरला तर त्या पिठाच्या पोळ्या कराव्यात. वजनाइतकेच महत्त्व ताणण्याला आहे. गोळा दोन्ही हातांनी सावकाश ओढावा. सरबतीचा गोळा लांब होत जातो, बन्सीचा कट्कन तुटतो आणि खपलीचा तर धुतानाच विस्कटू लागतो. पेरणीला किंवा वर्षाचा गहू भरायला निघण्याआधी मूठभर नमुन्याची ही परीक्षा केली तर पुढचे वर्ष सुखाचे जाते.

आता दळणाकडे येतो. घरघंट्यांपैकी बहुतेकींत दगड नसतात. पोलादी कक्षात वेगाने फिरणारी पाती दाण्याला आपटून फोडतात आणि जाळीतून जाण्याइतका बारीक होईपर्यंत तो आतच राहतो. गिरणीत याउलट दोन दगडांमध्ये दाणा दाबला आणि घासला जातो. दगड जितके आवळलेले तितके पीठ बारीक, आणि तितकेच ते तापते. गिरणीतून आणलेला डबा हाताला किती गरम लागतो हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. या दाबाने व उष्णतेने स्टार्चचे पुष्कळसे कण तडकतात. तडकलेला कण पाणी जास्त शोषतो, आणि म्हणूनच गिरणीच्या पिठाची पोळी मऊ राहते. पावाला मात्र हे एका मर्यादेपर्यंतच मानवते, कारण त्याच तडकलेल्या स्टार्चची आंबवताना भराभर साखर होते, पीठ चिकट पडते आणि पावाचा गाभा भाजूनही ओलसर, गिच्च राहतो. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, पावासाठी घरघंटी गिरणीपेक्षा कमी नाही, उलट थोडी सोयीचीच आहे, कारण जाडी-बारकाई आपल्या हातात राहते आणि दळण लागेल तेवढेच करता येते. गिरणीतूनच दळायचे असेल तर पावाचे पीठ अगदी मऊसूत न करता किंचित रवाळ ठेवायला सांगावे, आणि ते गव्हावरच टाकायला लावावे; ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या दळणापाठोपाठ गहू टाकला तर पहिल्या किलोभर पिठात ते मिसळते आणि पावाची ताकद तेवढी कमी होते.

जुन्या जात्यावर हा प्रश्न उद्भवत नव्हता. हाताने फिरणारे दगड सावकाश फिरतात, दाणे मूठमूठ पडतात आणि पीठ थंडच बाहेर येते. छत्रपती संभाजीनगरला बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली पाणचक्की अनेकांनी पाहिली असेल. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर तिथे दगड फिरवत आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी धान्य दळत. ज्यांच्या घरी जाते अजून आहे आणि त्याला टाकी लावून (छिन्नीने दगडाला खाचा पाडून) देणारा कोणी भेटतो, त्यांनी एखाद्या सणाला तरी त्यावर पावाचे पीठ दळून पाहावे. त्या पिठाचा वास वेगळाच असतो.

घरघंटीची खरी अडचण कोंड्याची आहे. मार्च-एप्रिलमध्ये काढलेला आपल्याकडचा गहू उन्हात इतका वाळतो की त्यात जेमतेम 9 ते 10 टक्के ओल राहते. असा कोरडा दाणा पात्यांवर आपटला की कोंड्याचाही चुरा होतो, आणि तो चुरा पिठात असा काही मिसळतो की चाळणीलाही सापडत नाही. धारदार कडांचे हे कण ग्लुटेनच्या जाळ्याला जागोजागी कापतात. यावरचा उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता. पुरणपोळीसाठी सपीट काढायचे तेव्हा त्या गहू ओलवून, फडक्यात दाबून ठेवत आणि मग दळत. ओल मिळालेला कोंडा चिवट होतो, त्याचे मोठे पापुद्रे सुटतात आणि आतला गर मात्र सहज फुटतो. मोठ्या रोलर मिलमध्येही दळण्यापूर्वी गव्हाला असेच पाणी दिले जाते.

घरासाठी प्रमाण असे धरावे: 1 किलो खडखडीत वाळलेल्या गव्हाला 30 ते 35 मिलिलिटर पाणी, म्हणजे साधारण सात लहान चमचे. एवढ्याने ओल 10 टक्क्यांवरून 13 टक्क्यांपर्यंत जाते. पाणी शिंपडून गहू हाताने चांगला खालीवर करावा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, पहिल्या तासात दोन-तीनदा डबा हलवावा आणि 12 ते 18 तासांनी दळावे. दळतेवेळी दाणा हाताला कोरडाच लागला पाहिजे. याहून जास्त पाणी कधीही घालू नये. ओला गहू जाळीत चिकटतो, यंत्रावर ताण येतो आणि उरलेला गहू बुरसतो. पावसाळ्यात गहू आधीच सर्द असतो, तेव्हा हे करण्याची गरज नसते. आपल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ओल्या धान्याविषयी जी सूचना दिली आहे ती पाळावी, आणि शंका वाटल्यास पाणी निम्मे करावे.

दळण दोन फेऱ्यांत करावे. पहिल्या फेरीला मोठ्या भोकांची जाळी लावून गहू भरडून घ्यावा आणि भरड चाळावी. मोठा कोंडा वर राहतो, तो वेगळा काढावा. खाली पडलेला रवा-पिठाचा भाग बारीक जाळीतून पुन्हा दळावा. गव्हाच्या दाण्यात कोंडा साधारण 14-15 टक्के, अंकुर अडीच-तीन टक्के आणि बाकी गर असतो. त्यांपैकी 8 ते 10 टक्के कोंडा असा सहज बाजूला निघतो. तो फेकायचा नाही. त्याच्या वजनाच्या दुप्पट उकळते पाणी त्यावर ओतून तो झाकून ठेवावा आणि पीठ मळून झाल्यावर शेवटी मिसळावा. भिजून मऊ झालेला कोंडा जाळे कापत नाही आणि पिठातले पाणीही पळवत नाही, त्यामुळे सबंध गव्हाचा पाव असूनही तो हलका होतो. घरच्या पिठाच्या पावात मला सर्वांत मोठा फरक या एका गोष्टीने पडलेला दिसला आहे.

दळल्यावर पीठ पसरून पूर्ण थंड होऊ द्यावे, आणि नंतरच ते डब्यात भरावे. अंकुरातले तेल आता मोकळे झालेले असते. उन्हाळ्यात घरातले तापमान 38-40 अंशांवर असताना ते लवकर खवट होते. बाजारातला मैदा महिनोन्महिने टिकतो, कारण त्यात अंकुर आणि कोंडा ठेवलेलाच नसतो. उन्हाळ्यात घरचे पीठ तीन-चार दिवसांत संपवावे किंवा घट्ट डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावे. हिवाळ्यात आठवडा-दोन आठवडे काही होत नाही. जिभेवर चिमूटभर पीठ ठेवावे, कडवट लागले तर त्याचा पाव करू नये. साठवणीविषयी एक कळकळीची विनंती आहे. गव्हाला कीड लागू नये म्हणून बोरिक पावडर चोळण्याची किंवा विषारी गोळ्या पोत्यात टाकण्याची सवय काही घरांत आहे. सबंध दाणा दळून खाणाऱ्याने हे मुळीच करू नये. कडक ऊन, वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि हवाबंद कोठी एवढे घरच्या गव्हाला पुरते. एरंडेल चोळलेला गहू असेल तर तो दळण्यापूर्वी कोरड्या सुती कापडाने पुसून घ्यावा, कारण त्या तेलाने जाळीची भोके बुजतात.

पाण्याचा मुद्दा आता सोपा होईल. मैद्याच्या कृतीत 500 ग्रॅम पिठाला 300 ते 325 मिलिलिटर पाणी असते. आपल्या पिठाला, कोंडा भिजवलेले पाणी धरून, 400 ते 420 मिलिलिटर लागते. पहिल्यांदा हे पीठ फारच सैल वाटते आणि हात आपोआप कोरड्या पिठाकडे जातो, तो आवरावा. पोळीच्या कणकेइतके घट्ट पीठ मळले तर पाव वीट होतो. आपल्याला हवी आहे ती पुरणपोळीची कणीक: सैल भिजवलेली, तेला-पाण्याचा हात लावून तिंबलेली, उचलली की तार सुटणारी. ज्या घरात पुरणपोळी होते त्या घरातल्या बाईला पावाचे पीठ कसे असावे हे वेगळे शिकवावे लागत नाही, फक्त कोणत्या कणकेसारखे ते सांगावे लागते.

पीठ आणि पाणी नुसते कालवून, यीस्ट व मीठ न घालता, 40 मिनिटे झाकून ठेवावे. फ्रान्समधील पावाचे अभ्यासक रेमों काल्वेल यांनी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात ही रीत बेकऱ्यांत रूढ केली. या वेळात पीठ सावकाश पाणी पिते आणि ग्लुटेनचे जाळे मळण्याआधीच आपोआप जुळू लागते, त्यामुळे मळायला कष्ट निम्मे लागतात. आपल्याकडे कणीक भिजवून मुरायला ठेवतात तेही याच कारणासाठी. मात्र मे महिन्यात ही 40 मिनिटे परात फ्रिजमध्ये असू द्यावी.

आंबूस चवीचे कारण तापमान हे आहे. मळून झालेल्या पिठाचे तापमान 26 अंशांच्या आसपास असावे. ते 32-33 अंशांवर गेले की यीस्ट बेफाम धावते, त्याच्याबरोबर आंबटपणा आणणारे जिवाणूही वाढतात आणि पीठ फुगून लगेच खाली बसते. पाणी किती थंड घ्यायचे याचा हिशेब बेकरीवाले असा करतात: हव्या त्या तापमानाची तिप्पट करायची आणि तीतून खोलीचे व पिठाचे तापमान वजा करायचे. 26 ची तिप्पट 78. मे महिन्यात खोली 36 आणि पीठ 36 असेल तर पाणी 6 अंशांचे हवे, म्हणजे बर्फाचे. जानेवारीत परभणीकडे सकाळी खोली व पीठ 18-18 अंशांवर असतील तर तेच पाणी 42 अंशांचे, म्हणजे हाताला चांगले कोमट लागेल असे, घ्यावे लागते. आता समजा पीठ नुकतेच घरघंटीतून निघालेले आहे आणि ते 45 अंशांवर आहे, तर उत्तर उणे 3 येते. असे पाणी घालणे शक्यच नसते. म्हणून मी उन्हाळ्यात रात्री दळून पीठ फ्रिजमध्ये ठेवतो आणि पहाटे मळतो. हा हिशेब हाताने मळण्याचा आहे. यंत्राने मळल्यास घर्षणाने पीठ आणखी तापते, त्यामुळे पाणी त्याहून थंड लागते. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल तापमापक यासाठी जरूर घ्यावा. घरघंटीवर एवढा खर्च केल्यावर तो आणि एक चांगला वजनकाटा यांवर काटकसर करू नये.

आता एका पावाचे प्रमाण देतो. कोंडा काढून उरलेले पीठ 450 ग्रॅम, वेगळा काढलेला कोंडा 50 ग्रॅम आणि त्यावर ओतायला 100 मिलिलिटर उकळते पाणी, पिठासाठी पाणी सुमारे 300 ते 320 मिलिलिटर, मीठ 9 ग्रॅम, गूळ 15 ग्रॅम, तेल 20 ग्रॅम. तेल करडईचे घाणीचे मिळाले तर उत्तम. कोरडे इन्स्टंट यीस्ट हिवाळ्यात 5 ग्रॅम आणि उन्हाळ्यात 2 ते 3 ग्रॅम पुरते. मुरलेल्या कणकेवर यीस्ट भुरभुरून मिसळावे, दोन मिनिटांनी मीठ व गूळ घालावा आणि 10 मिनिटे तिंबावे; मग तेल, आणि शेवटी थंड झालेला भिजका कोंडा. चिकटणाऱ्या हाताला पाणी लावावे, पीठ नाही. चिमूटभर कणीक बोटांवर ताणली असता फाटण्याआधी पातळ पापुद्रा दिसला की मळणे पुरे झाले.

26-27 अंशांवर पहिले फुगणे तास-सव्वा तासाचे असते. यात अर्ध्या-अर्ध्या तासाने ओल्या हाताने कडा ओढून मध्ये दुमडाव्यात. अशा दोन घड्यांनी सैल कणकेला अंग येते. मैद्याचे पीठ दुप्पट फुगेपर्यंत थांबतात, सबंध गव्हाचे पीठ दीडपट झाले की पुढे जावे. त्यातले जाळे नाजूक असते आणि एकदा ताणून दमले की भट्टीत पुन्हा उठत नाही. फुगलेले पीठ हलकेच दाबून चौकोनी पसरावे, घट्ट गुंडाळी करावी, शिवण खाली ठेवून तेल लावलेल्या साच्यात ठेवावे. या मापाला 23 सेंटिमीटर लांब आणि 13 सेंटिमीटर रुंद साचा बरोबर होतो. पीठ साच्याच्या काठाच्या बोटभर वर आले आणि ओले बोट टेकवल्यावर खळगा सावकाश, अर्धवट भरून आला की भाजायला ठेवावे. खळगा तसाच राहिला तर उशीर झाला आहे असे समजावे.

ओटीजी (घरगुती विजेची भट्टी) 220 अंशांवर 20 मिनिटे आधी तापवावा, पाव ठेवताच 200 अंशांवर आणावा आणि 35 ते 40 मिनिटे भाजावा. खालच्या ताटलीत पेलाभर उकळते पाणी ओतल्यास पहिल्या 10 मिनिटांत वाफ मिळते, साल उशिरा आवळते आणि पावाला उठायला वेळ मिळतो. वीज जाण्याचा भरवसा नसेल तिथे भाजण्याची वेळ पाहून मगच मळायला घ्यावे. उठलेले पीठ साच्यासकट फ्रिजमध्ये ठेवले तर तासभर तरी दम धरते. पावाच्या पोटातले तापमान 94-95 अंश झाले की तो भाजला. वरचा रंग फसवतो, विशेषतः गूळ घातलेला असताना.

पाव लगेच कापू नये. सबंध गव्हाच्या पावाला पूर्ण निवायला दोन-तीन तास लागतात. तोवर आतला स्टार्च घट्ट होत असतो आणि वाफ सालीतून बाहेर पडत असते. आपल्या पावाचा भुगा होण्यात पाणी कमी पडल्याचा वाटा मोठा आहे, पण गरम कापण्याचाही असू शकतो.

बोअरच्या पाण्याविषयी अनेक जण विचारतात, म्हणून तेही सांगतो. मध्यम जड पाणी ग्लुटेनला बळकटी देते, तेव्हा त्याची भीती नको. फारच क्षारट असेल तर पीठ आखडते व यीस्ट मंदावते. अशा वेळी निम्मे पाणी आरओचे घ्यावे. नुसते आरओचे पाणी वापरले तर पीठ उगीच चिकट होते. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते रात्रभर उघडे ठेवावे.

ज्वारीचा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. मालदांडी ज्वारी किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती, परभणी ज्योती ही वाणे आपल्या घरोघरी आहेत, आणि त्यांचा स्वाद गव्हाच्या पावात येणे ही मराठवाड्याच्या पावाची खरी ओळख ठरू शकते. पण ज्वारीत ग्लुटेन नाही आणि तिचे कोरडे पीठ नुसते मिसळले तर पाव भुसभुशीत होतो. इथे भाकरीची उकड कामाला येते. ज्वारीच्या स्टार्चला फुलायला गव्हाच्या स्टार्चपेक्षा जास्त उष्णता लागते, ती भाजताना पावाच्या गाभ्यात उशिरा पोहोचते; उकड काढली की हे काम आधीच झालेले असते. 75 ग्रॅम ज्वारीच्या पिठावर 150 मिलिलिटर खळखळते पाणी ओतून घोटावे, झाकून पूर्ण थंड करावे आणि कणीक मळून झाल्यावर कोंड्याबरोबर मिसळावे. तेवढे गव्हाचे पीठ कमी करावे आणि पिठाचे पाणीही 50-60 मिलिलिटरने कमी धरावे. असा पाव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो, कारण उकडीने पाणी धरून ठेवलेले असते. ज्वारीचे प्रमाण एकूण पिठाच्या 15 टक्क्यांच्या पुढे नेऊ नये. 20 टक्क्यांवर पाव खाली बसू लागतो. बाजरीही अशीच वापरता येते, पण तिचे पीठ ज्वारीपेक्षा लवकर कडू होते, म्हणून ती त्याच दिवशी दळलेली हवी.

आरोग्याच्या बाबतीत एका गैरसमजाची दखल घेणे आवश्यक आहे. खपली गव्हात ग्लुटेन नसते असे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. खपली हाही गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, फक्त ते दुबळे आहे. ज्यांना सिलिॲक आजार (ग्लुटेन मुळीच न चालणारा आतड्याचा विकार) आहे त्यांच्यासाठी खपली, बन्सी आणि सरबती तिन्ही सारखेच वर्ज्य आहेत, आणि ज्या घरघंटीत गहू दळला जातो तीत दळलेली ज्वारीही त्यांना सुरक्षित नाही. अशा व्यक्तीसाठी वेगळे यंत्र किंवा वेगळे जातेच हवे.

यीस्टऐवजी घरच्या आंबवणावर पाव करावा का, असे आपण विचारलेले नाही, पण लवकरच विचाराल म्हणून दोन वाक्ये लिहितो. सबंध गव्हाच्या पिठाचे आंबवण आपल्या हवेत सहज धरते, आणि दीर्घ आंबवण्याने कोंड्यातले फायटिक आम्ल (धान्यातली खनिजे अंगी लागू न देणारा घटक) कमी होते हेही खरे आहे. परंतु उन्हाळ्यात ते काही तासांत आंबट होऊन पीठ विरघळवू लागते, तेव्हा आधी यीस्टवर हात बसवावा आणि आंबवणाची सुरुवात दिवाळीनंतर करावी.

पहिल्या खेपेला आपण 300 ग्रॅम सरबती आणि 150 ग्रॅम बन्सीचे पीठ घेऊन, ज्वारी न घालता, वरच्या प्रमाणाने पाव करून पाहा. बन्सीचा हा वाटा मी वर सांगितलेल्यापेक्षा मुद्दाम जास्त ठेवला आहे, कारण घरातला गहू वापरला जावा असे आपल्याला वाटणार. पाव बसका वाटला तर पुढच्या वेळी तो वाटा निम्मा करा. पाव स्वच्छ सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण त्या थंडीत स्टार्च सर्वांत लवकर कडक होतो आणि पाव एका दिवसात शिळा लागतो. पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशी धरू शकते, तेव्हा त्या दिवसांत पाव निवल्याबरोबर काप करून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि लागेल तसा एकेक काप थेट तव्यावर शेकावा.